कुलाब्याचा किनारा आणि निसर्गचित्रकारांची घडण

रायगडच्या किनाऱ्यावरच्या निसर्गचित्रणाचा माग काढायचा तर सुरुवात समुद्रापासून होत नाही, लेण्यांपासून होते. घारापुरी आज उरण तालुक्यात मोडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत उतरलेल्या युरोपीय चित्रकारांची होडी या बेटाला हमखास लागायची. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला. पुढे पुण्यात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना रंगवले. पण त्याचा खरा जीव गुंतला तो लेण्यांत. पुण्याचा गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार त्याच्याबरोबर काम करत होता. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी गंगारामने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली, आणि दगडी खांबांच्या रांगा मागे मागे सरकत कशा लहान होतात हे दाखवण्याची युरोपीय रीत तो या सहवासात शिकला.

१७९३ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम मुंबईला पोहोचले. तोवर त्यांनी हिंदुस्थानात सात वर्षे भटकून चित्रे काढली होती, पण पश्चिमेकडची लेणी त्यांना दाखवली वेल्सने. १७९५ मध्ये वेल्स वारला. त्याची वेरूळची चित्रे थॉमस डॅनियलने कोरून घेतली आणि ती १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली. डॅनियलांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या १४४ चित्रांच्या संचात घारापुरीलाही जागा मिळाली. या चित्रांतली झाडे इथली आहेत, पण त्यांची मांडणी विलायती: पुढे सावली, मध्ये उजेड, मागे विरळ होत गेलेला डोंगर. ही मांडणी पुढे शंभर वर्षे तरी इथल्या चित्रकारांच्या डोळ्यांवर बसून राहिली.

ती शिकवण्याची सोय १८५७ मध्ये झाली. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या मुलाला चित्रकला शिकायची तर समुद्र ओलांडून तिथेच जावे लागे. १८६५ मध्ये आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करवल्या. नक्कल या शब्दाला आज कमीपणा आला आहे. त्या मुलांना मात्र रेषेचा वेग आणि रंगाची जात कळली ती नकलेतूनच. १८९० मध्ये शाळेत दाखल झालेले म. वि. धुरंधर तिथेच शिक्षक झाले. एकेचाळीस वर्षांच्या त्या काळाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या.

पुढचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या काळात पारदर्शक जलरंगाला जोर आला. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) या पिढीतले सगळ्यांत पक्क्या हाताचे जलरंगकार. त्यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, तेव्हा ही विद्या सरकारी शाळेच्या बाहेर, चाळीत राहणाऱ्या होतकरू मुलांपर्यंत गेली.

किनारा रंगवताना या माध्यमाची परीक्षा कशी होते, हे अलिबागला पाहावे. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, भरतीला तोच किल्ला पाण्यात उभा असतो. चित्रकार बसतो तेव्हा पुढे ओली, काळसर पुळण असते आणि तिच्यात आभाळ उतरलेले असते. दोन तासांनी तिथे पाणी असते. म्हणून जाणकार हात आधी आभाळ आणि पुळण एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच थरात, लावून घेतो, कारण दोन्हींचा रंग एकच. किल्ल्याचा काळा दगड शेवटी येतो. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा कोरेपणा; एकदा झाकला की तो परत मिळत नाही. त्यात इथली दमट हवा. देशावर काही मिनिटांत सुकणारा वॉश इथे ओलाच राहतो आणि घाईने लावलेली तटाची कड आभाळात पसरते. नवख्याला हा छळ वाटतो. मुरलेला चित्रकार मात्र त्याच ओलीत पलीकडची माडांची रांग सोडून देतो आणि ती कड फुटू देतो.

शाळकरी चित्रातले दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य इथे अगदीच खोटा नाही. अलिबागेत दिवस उगवतो तो सागरगडाच्या बाजूनेच. फक्त चित्रकाराची पाठ त्या वेळी समुद्राकडे असावी लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकण्याची दिशा बदलली. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक होते. एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी करणाऱ्या तरुण सय्यद हैदर रझा यांना त्यांनी आपल्या स्टुडिओत काम करू दिले. रझांच्या मुंबईच्या रस्त्यांच्या जलरंगचित्रांत त्यानंतर रंग भडकले, आकार सैल झाले. १९४८ मध्ये काश्मीरला छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहून सांगितले की हातात कौशल्य आहे, बांधणी नाही, सेझानची चित्रे बघा. एका छायाचित्रकाराने चित्रकाराला दिलेला हा सल्ला रझांना इतका लागला की १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. हातखंडा झालेले काम मोडायला असे परके, थोडे कडवे बोलणे लागते. घरचा गुरू ते सहसा बोलत नाही.

ज्या किनाऱ्याची ही गोष्ट आहे, त्या किनाऱ्याचा स्वतःचा मोठा चित्रकार म्हणजे प्रभाकर बरवे. त्यांचा जन्म १९३६ मध्ये नागावचा. अलिबाग आणि रेवदंडा यांच्यामध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेले हे गाव. सासवणे गावचे शिल्पकार वि. पां. करमरकर त्यांच्या नात्यातले, त्यामुळे कला हा पोटाचा उद्योग होऊ शकतो हे घरात नवे नव्हते. १९५९ मध्ये जे. जे.चे शिक्षण संपवून बरवे १९६१ मध्ये वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या सरकारी हातमाग केंद्रात लागले आणि १९८२ पर्यंत तिथेच राहिले. नोकरीची सुरुवातीची वर्षे वाराणसीत गेली. तिथे तांत्रिक चिन्हे त्यांच्या चित्रांत आली आणि काही वर्षांनी निघूनही गेली. चित्रकार पॉल क्लेचे त्यांना असलेले आकर्षण मात्र टिकले.

नागावच्या माणसाने वाडी, पुळण, होड्या रंगवाव्यात अशी अपेक्षा असते. बरव्यांनी तसे केले नाही. त्यांच्या कॅनव्हासवर सपाट, मोकळा विस्तार असतो आणि त्यात एखादे पान, शिंपला, ढग, घड्याळ, सेफ्टी पिन दूर दूर ठेवलेली असतात. दारे-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग त्यांनी त्यासाठी वापरला. त्याच्या गुळगुळीत थरात हाताचा फटकारा दिसत नाही. ओहोटीनंतर रिकाम्या पुळणीवर मागे राहिलेल्या चार वस्तू आठवाव्यात, तशी ती मांडणी वाटते. हा संबंध पाहणाऱ्याने लावलेला आहे, पण दुसऱ्या कुठल्याही वाटेपेक्षा या वाटेने त्या चित्रांत शिरणे सोपे जाते. डॅनियलांची पुढची सावली आणि मागचा डोंगर इथे पुरता नाहीसा झाला आहे.

बरव्यांच्या वह्यांतल्या चिंतनातून ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० मध्ये आले. चित्रकार पाहतो कसे, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच लिहिले गेले आहे. १९९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. करमरकरांची शिल्पे सासवण्याला त्यांच्या घरीच पाहायला मिळतात. बरव्यांच्या चित्रांचे सिंहावलोकी प्रदर्शन मात्र २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले, आणि नागावकरांना ते पाहायला मांडव्याहून लाँच धरावी लागली.