मोटार आपली की मंडळी बारा?

आषाढातले दोन-तीन चांगले पाऊस झाले, की इंदुरातल्या मराठी घरांतून एकच विषय निघतो : मांडूला केव्हा जायचे? यंदा आमच्या घरी सकाळच्या पोह्यांबरोबर तो निघाला. पण वाद मात्र निराळाच झाला. कुठे आणि केव्हा यांवर सर्वांचे एकमत; फूट पडली ती ‘कसे’ या प्रश्नावर. चिरंजीवांचे म्हणणे असे, की दाराशी मोटार उभी असताना दुसऱ्याच्या शिट्टीवर उठाबसा कशाला करायच्या? सूनबाईंनी दहा-बारा जणांची छोटी सहल नेणाऱ्यांचे पत्रक आणून ठेवले होते. त्या म्हणाल्या, “बाबा, मोटार घेतली की यांचा पाठीचा कणा आणि माझा स्वयंपाकाचा डबा, दोघांनाही सुटी नाही!” सौ.ने शेव वाढता वाढता माझ्याकडे पाहिले आणि ती नुसती हसली. त्या हसण्याचे कारण पुढे सांगतो.

पाहू गेले तर दोन्ही पंथांना आपल्याकडे परंपरा आहे. आपले पूर्वज प्रवासाला निघत ते सोबत पाहूनच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांच्या सोबतीने उत्तरेकडे निघाले आणि इथे महूपाशी शिपायांच्या तोंडून त्यांनी बंडाची वार्ता ऐकली, हे १९०७ साली छापून निघालेल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. त्या काळी सोबत ही चैन नव्हती, ती गरज होती. काशी, गया, रामेश्वर या यात्रा मेळ्यानेच व्हायच्या, आणि देवी अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा आणि घाट अशा मेळ्यांच्याच सोयीचे.

दुसरा पंथही इंदूरला परका नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा मोटारींचा शौक जगजाहीर होता. त्यांच्या ड्युसेनबर्ग मोटारीचे यंत्र अमेरिकेचे आणि वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याचा. ज्या गावचा राजा चाकाचा इतका षोकी, त्या गावच्या तरुणाला स्वतः मोटार हाकावीशी वाटली तर नवल ते काय?

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट येऊन गेली, ती म्हणजे आगगाडी. १८७० साली तुकोजीराव (दुसरे) यांनी इंदुरापर्यंत लोहमार्ग यावा म्हणून इंग्रज सरकारला एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. त्या मार्गाने पाताळपाणीहून कालाकुंडाकडे घाट उतरताना डब्यातला लहानथोर प्रत्येकजण खिडकीला नाक लावून बसलेला असे. २०१८ च्या डिसेंबरात याच टप्प्यावर केवळ सहलीसाठी म्हणून गाडी सुरू झाली, तेव्हा जुन्या मंडळींना त्या खिडक्या पुन्हा आठवल्या. आगगाडीचे सुख नेमके कशात होते? कुणालाच चाक धरावे लागत नव्हते, यात. ही गोष्ट मला स्वतःला समजायला मात्र तीस वर्षे लागली.

कारण मी स्वतः मोटारपंथी. धारवरून नालछा आणि नालछ्यावरून मांडू हा रस्ता मी तीस पावसाळे हाकला आहे. इंदूरहून सुमारे शंभर किलोमीटर. मांडूच्या वेशीअलीकडे डावे-उजवे ढग रस्त्यावर उतरतात. मागून “अगबाई, केवढी दरी!” असे उद्गार यायचे आणि मी म्हणायचो, “हो, फारच सुंदर.” प्रत्यक्षात मला दिसत असे तो पुढच्या ट्रकचा एक लाल दिवा, तोही मिटमिटता. गेल्या वर्षी गुडघ्याने तक्रार केली म्हणून मोटार घरी ठेवून आम्ही उभयता एका छोट्या सहलीत नावे घातली. बारा माणसे, एक टेम्पो ट्रॅव्हलर, एक चालक आणि एक माहितगार. काकडा खोहपाशी गाडी उभी राहिली. मी खाली उतरलो, कठड्याशी गेलो, आणि खरे सांगतो, थक्क झालो. खोल हिरवी दरी, तिच्यात पांढऱ्या दोरीसारखा लोंबणारा धबधबा, आणि खालून वर चढणारे ढग! सौ. शेजारी येऊन हळूच म्हणाली, “तीस वर्षं तुम्ही मला मांडू दाखवलंत. आपण दोघांनी मिळून ते आज पाहिलं.”

वाचकहो, छोट्या सहलीची बाजू मांडायला एवढे एक वाक्य पुरेसे आहे. परंतु तिचे आणखीही गुण आहेत. होशंगशहाच्या संगमरवरी मकबऱ्याच्या दारावरून मी किती वेळा गेलो असेन! शहाजहानचे वास्तुकार ही इमारत पाहून गेले आणि १६५९ साली तसा लेख तिथे कोरून ठेवला, हे त्या माहितगाराने बोट ठेवून दाखवले तेव्हा कळले. जहाजमहालाच्या गच्चीवरची नागमोडी पन्हळ ही शोभेची नसून तिच्यातून जाताना पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो, हे भर पावसात, वाहत्या पाण्यासमोर ऐकले. आपल्या मोटारीतून गेलो असतो तर मकबऱ्यापुढे फोटो काढून मक्याच्या कणसांकडे वळलो असतो.

आणि बारा या आकड्यातही अर्थ आहे. चाळीस माणसांची बस नुसती रिकामी होऊन पुन्हा भरायलाच पाव तास घेते. पाच ठिकाणी उतरलात तर सव्वा तास दारातच गेला. बारा माणसे दोन-तीन मिनिटांत उतरतात, माहितगाराचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत एकमेकांची नावेही पाठ होतात.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच सहलीत आम्ही रूपमतीच्या मंडपात चढलो. नर्मदेचे दर्शन झाल्याखेरीज रूपमती अन्न घेत नसे अशी कथा आहे, आणि स्वच्छ हवेत तिथून दूर खाली निमाडात नर्मदेची चंदेरी रेघ दिसते. त्या दिवशी ढग होते. सौ. म्हणाली, “थोडं थांबू या, उघडेल.” माहितगाराने घड्याळ दाखवले. त्याचाही इलाज नव्हता; दहा जण खाली गाडीत बसले होते. आम्ही निघालो, आणि पायथ्याशी पोचतो तोच मागे लख्ख ऊन पडले. तिने मागे वळून पाहिले; बोलली मात्र काही नाही. पूर्वी एकदा आपल्या मोटारीने गेलो असताना याच मंडपात ती दोन तास बसून राहिली होती आणि अखेर तिला रेघ दिसली होती. अंधार पडण्यापूर्वी घाटरस्ता सरला पाहिजे म्हणून मी मात्र त्या दोन तासांत पंचवीस वेळा घड्याळ पाहिले. म्हणजे पाहा, मोटारीने तिला नर्मदा दिली आणि मला घड्याळ. सहलीने मला दरी दिली आणि घड्याळ तिच्या वाट्याला आले.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे, प्रश्न सोयीचा किंवा पैशाचा असा मुळात नाहीच. आपल्यापैकी कुणाला काय पाहायचे राहिले आहे, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधी घरात शोधावे आणि मग हिशेबाची वही उघडावी. हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर आणि मोटार लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी धरली, तर तेरा-चौदा लिटर पेट्रोल लागते, मग आत माणसे दोन असोत की पाच. सहलीची वर्गणी मात्र डोईमागे. म्हणून दोघांना सहल परवडते आणि पाच जणांच्या कुटुंबाला मोटार.

ठिकाणाचा स्वभावही पाहावा लागतो. जाम घाटातून महेश्वरला उतरताना रस्ता हाच देखावा असतो. तिथे मनाला येईल तिथे थांबता आले पाहिजे, म्हणून मोटार बरी. पंचमढीला याच्या उलट. वनखात्याच्या हद्दीतली ठिकाणे परवानगी काढून तिथल्याच जिप्सीने पाहावी लागतात. आपण हौसेने इंदुराहून हाकत नेलेली मोटार हॉटेलच्या अंगणात भिजत पडते. हिमाचलात रोहतांगला मोटार न्यायची तर आधी परवाना काढावा लागतो, आणि माळव्याच्या सपाटीवर हात बसलेल्या माणसाने बर्फाच्या वळणांवर शौर्य दाखवू नये हेच बरे. अशा ठिकाणी छोटी सहल शहाणपणाची.

मात्र सहल निवडताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : माणसे अधिकात अधिक किती, कुठल्या ठिकाणी किती वेळ, आणि गाडी भाड्याच्या परवान्याची आहे ना? खासगी पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणसे नेणे नियमाला धरून नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचे भांडण प्रवाशाच्या गळ्यात येते. मोटारवाल्यांनीही दोन पथ्ये पाळावीत. पावसाळ्यात घाट उजेडीच चढावा आणि उतरावा, आणि उतारावर ब्रेकवर भिस्त न ठेवता खालचा गिअर धरावा. आणि पाण्याशी सलगी तर कुणीच करू नये. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला वर कुठेतरी झालेल्या पावसाचा लोंढा अकस्मात आला आणि प्रवाहात उभी असलेली माणसे वाहून गेली. धबधबा लांबूनच पाहावा.

आमच्या घरच्या वादाचे काय झाले, ते सांगून संपवतो. शेवटी तोड सौ.नेच काढली. चालकासह गाडी भाड्याने करायची, मांडूला एक रात्र मुक्काम करायचा आणि माहितगार तिथलाच घ्यायचा. खर्च थोडा वाढला. पण घड्याळ कुणाच्याच वाट्याला आले नाही. सूनबाईंचा डबा घरीच राहिला. चिरंजीव नाइलाजाने मागे खिडकीशी बसले आणि धारपर्यंत चालकाच्या चुका काढीत राहिले.

नालछा मागे पडले. ढग उतरले. काकडा खोहपाशी गाडी थांबली तसे ते खाली उतरले आणि बराच वेळ कठड्याशी उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाबा, ही दरी इथे आधीपासून होती?”

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच मंडपावर गेलो. ढग होतेच. सौ. पायरीवर बसली. आम्हीही बसलो. कुणी उठा म्हणाले नाही.