कृत्रिम बुद्धिमत्ता : दिशा कोणी ठरवायची?

अलीकडे काही रुग्ण चिकित्सालयाची पायरी चढतात ते संगणकीय यंत्राला प्रश्न विचारूनच. व्याधीचे नाव, पथ्यापथ्य, क्वचित औषधाची मात्राही ते आपल्याला ऐकवतात. अशा वेळी त्या यंत्राचा राग करणे जितके व्यर्थ, तितकेच त्याच्या कौतुकात रमणेही. या यंत्रविद्येने कोणत्या दिशेने जावे आणि प्रथम कोणाचे हित पाहावे, याविषयी जगभर वाद चालू आहे. तो आपल्या व्यवसायालाही स्पर्श करतो. म्हणून येथे विचारार्थ मांडत आहोत.

वादाच्या दोन बाजू

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट’ या संस्थेने एक खुले पत्र प्रसिद्ध केले. ‘जीपीटी-४’हून अधिक समर्थ प्रणालींचे प्रशिक्षण किमान सहा महिने थांबवावे, अशी त्यात मागणी होती. या क्षेत्रातील अग्रणी संशोधक योशुआ बेंजिओ यांची त्यावर स्वाक्षरी होती. त्याच वर्षी मे महिन्यात जेफ्री हिंटन यांनी संभाव्य धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून गूगल कंपनी सोडल्याचे जाहीर केले. विरामाची मागणी मात्र मान्य झाली नाही. स्पर्धा वाढतच गेली.

दुसरीकडे टिमनिट गेब्रू, एमिली बेंडर आदी अभ्यासकांनी त्या पत्रावरच आक्षेप घेतला. उद्याच्या महाबुद्धिमान यंत्राची भीती रंगवताना आज घडणारा भेदभाव, श्रमिकांचे शोषण आणि मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटलेली सत्ता दृष्टीआड होते, असे त्यांचे म्हणणे होते.

साध्य चुकले तर

हा दुसरा आक्षेप किती खरा आहे, हे वैद्यकातील एका उदाहरणावरून दिसते. अमेरिकेत कोणत्या रुग्णांना विशेष देखभालीची गरज आहे हे ठरवण्यासाठी एक संगणकीय पद्धत वापरली जात होती. तिची तपासणी करणारे संशोधन २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यंत्राने रुग्णाच्या गरजेचे माप म्हणून उपचारांवरील खर्च धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत असे. त्यामुळे त्यांची गरजही कमी ठरली. हा दोष दूर केला असता, तर विशेष मदतीस पात्र ठरणाऱ्यांमध्ये त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. यंत्राचे गणित चुकले नव्हते. त्याला नेमून दिलेले साध्यच चुकीचे होते.

आपल्या शास्त्राने धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो असे मानले आहे. यंत्रापाशी स्मृतीसारखे अफाट भांडार आहे. पण हिताला अहित न मानणारी धी आणि अहितापासून मनाला आवरणारी धृती मनुष्यालाच पुरवावी लागते. विरामाची मागणी हे धृतीला केलेले आवाहन होते. खर्चालाच गरज समजणे हा धीचा भ्रंश होता.

आपला प्राधान्यक्रम

जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अन्य आंतरराष्ट्रीय संस्थांसमवेत पारंपरिक वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. म्हणजे हे साधन आपल्या दारी आलेच आहे. आता त्याच्याकडून आधी काय करून घ्यायचे? प्रकृती सांगणारी प्रश्नावली मोबाइलवर आणणे सोपे आणि विकणेही सोपे. परंतु औषधांतील भेसळ ओळखणे, उपद्रवांची नोंद एकत्र करणे, विखुरलेल्या हस्तलिखितांची सूची सिद्ध करणे ही कामे अधिक निकडीची आहेत, असे आमचे मत आहे.

द्रव्यनामांचेच पाहा. ‘ब्राह्मी’ म्हणून कोठे जलब्राह्मी घेतात, कोठे मंडूकपर्णी. ‘शंखपुष्पी’ म्हणून केरळात गोकर्णी वापरतात, उत्तरेत वेगळीच वनस्पती. हा भेद नोंदींमध्ये स्पष्ट नसेल, तर यंत्र दोन द्रव्यांचे गुण एकाच नावाखाली मिसळील आणि ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल. आप्ताचे वचन प्रमाण असते, कारण तो रज-तमापासून मुक्त असतो. असंख्य लेखांचे मिश्रण करणाऱ्या यंत्राला ते स्थान देता येणार नाही. शिवाय नाडी, स्पर्श आणि रुग्णाचा स्वर यांचे प्रत्यक्ष त्याच्यापाशी नाही.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे. आपल्या रुग्णनोंदी नीट ठेवाव्यात. गुण आला नाही तेही लिहावे. द्रव्याचे नाव वनस्पतिशास्त्रीय नावासह नोंदवावे. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून कोणत्याही कंपनीस देऊ नये. आणि यंत्राने काहीही सुचवले, तरी औषध लिहिणारा हात आपला आहे, उत्तरदायित्वही आपलेच. आपण या चर्चेत उतरलो नाही, तर आपल्या शास्त्राचे साध्य इतर कोणी ठरवील आणि त्याचे माप कदाचित केवळ खर्चाचेच असेल.