आपले लिखाण, आपलीच वही

व्यापारी मनुष्य दुकान भाड्याने घेईल, माल उधारीवर आणील. परंतु आपली वही दुसऱ्याच्या पेढीवर ठेवून तो स्वस्थ झोपणार नाही. समाजमाध्यमांवरील लेखनासही हाच नियम लावावयास हवा.

सांप्रत आपल्यापैकी पुष्कळ मंडळी मालाची पारख, बाजारातील अनुभव, पेढीच्या जुन्या आठवणी समाजमाध्यमांवर लिहितात. तेथे एका नोंदीस अक्षरांची मर्यादा असते. ब्लूस्कायवर ती ३००, तर मॅस्टोडॉनवर सामान्यतः ५०० आहे. त्यामुळे मोठा विषय एकाखाली एक अशा नोंदींच्या मालिकेने मांडावा लागतो. या मालिकेस थ्रेड म्हणतात. थोड्याच दिवसांत तो नव्या नोंदींखाली दडपला जातो. शिवाय ती जागा परक्याची! भारतात अत्यंत लोकप्रिय झालेले ऑर्कुट २००४ साली निघाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लसची सर्वसामान्यांसाठी असलेली सेवा एप्रिल २०१९ मध्ये संपली. ट्विटर २०२३ साली एक्स झाले. त्याच वर्षी बाहेरील प्रोग्रॅमना असलेली मोफत वाट त्याने बहुतांशी बंद केली.

यावर उपाय म्हणजे निवडक थ्रेड स्वतःच्या संकेतस्थळावर मांडणे. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात आपल्या पानावर केवळ एक खिडकी बसते. मजकूर माध्यमाच्याच सर्व्हरवरून येतो. मूळ नोंद गेली की खिडकीतील मजकूरही गेला. दुसऱ्यात आपण भाड्याने घेतलेल्या वा घरच्या सर्व्हरवर एक लहान प्रोग्रॅम चालवितो. प्रत्येक नोंदीस स्वतःचा क्रमांक असतो आणि ती कोणत्या नोंदीस जोडलेली आहे, त्या नोंदीचा क्रमांकही तिच्यासोबत असतो. या दुव्यांवरून प्रोग्रॅम सर्व नोंदी गोळा करतो, क्रमाने लावतो, आणि मजकूर, तारखा व छायाचित्रे आपल्याकडे उतरवून त्यांचे सलग पान तयार करतो. रोजमेळातील विखुरलेल्या नोंदी खतावणीत एका खात्यावर आणाव्या, तसाच हा प्रकार होय.

अर्थात मालकीबरोबर जबाबदारीही येते. संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क मुदतीत भरले पाहिजे, प्रोग्रॅम वेळोवेळी अद्ययावत केला पाहिजे आणि सर्व मजकुराची एक प्रत अन्यत्र ठेवली पाहिजे. नाहीतर परक्याच्या हातून न बुडालेले आपल्याच हलगर्जीपणाने बुडेल. दुसऱ्यांनी दिलेली उत्तरे त्यांच्या संमतीवाचून आपल्या पानावर घेऊ नयेत. ती त्यांची मिळकत आहे.

सर्वच लिखाण जपण्याजोगे नसते. परंतु आजोबांच्या पेढीची हकीकत नातवंडांनी वाचावी अशी इच्छा असेल, तर ती आजच आपल्या वहीत उतरवून घ्यावी. माध्यम बंद झाल्यावर कळवळून उपयोग नाही.