झेंडा बदलायचा म्हणजे नेमकं काय बदलायचं?

शिवाजी पेठेत कुणालाही विचारून बघा, "तुमच्या तालमीच्या झेंड्याचा रंग बदलूया का?" पहिलं उत्तर "का?" असं येणार नाही. "सांगणारा तू कोण?" असं येईल. माझ्या संशोधनाचा विषय राष्ट्रध्वजांवरचे वाद हा आहे, आणि एवढे कागद चाळल्यावर मला वाटतं की पेठेतला माणूस मुद्द्याचंच विचारतो.

न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. २०१५-१६ मध्ये त्या देशानं थेट जनतेला विचारलं. लोकांकडून १०,२९२ रचना आल्या, त्यातून पाच निवडल्या, दोनदा मतदान झालं. शेवटी साधारण ५७ टक्के लोकांनी जुनाच झेंडा ठेवला. जुन्यावर सगळ्यांचं प्रेम होतं असं नाही. अनेकांना हा सगळा खटाटोप म्हणजे पंतप्रधान जॉन की यांचा वैयक्तिक हट्ट वाटला. म्हणजे तिथंही "सांगणारा तू कोण?" हेच.

आपल्याकडं असं सार्वमत कधी झालं नाही. पण विचारपूस एकदा झाली होती, आणि ती गोष्ट आपल्याला फारशी कुणी सांगत नाही. त्यासाठी आधी १९२१ मध्ये जावं लागेल.

पिंगळी वेंकय्यांनी तयार केलेल्या झेंड्यात लाल आणि हिरवा असे दोन रंग होते. गांधीजींनी पांढरा घालायला सांगितला आणि अर्थही लिहून टाकला: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्या सगळ्या धर्मांचा. मधे चरखा. हेतू एकीचाच होता. पण रंगांची एकदा वाटणी केली की पुढचा माणूस विचारणारच, "मग आमचा रंग कुठाय?" शिखांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण वाटणीचा नियम काँग्रेसनंच घातला होता.

म्हणून एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसनं सात जणांची ध्वज समिती नेमली. वल्लभभाई पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, आणि आपल्या बाजूचे दोघे: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. समितीनं प्रांतिक काँग्रेस समित्यांना प्रश्न पाठवले. तुमच्याकडं कुठल्या समाजाची झेंड्याबद्दल काही भावना आहे का, तो लोकप्रिय करायला काही सुचवाल का, सध्याच्या रचनेत काही दोष आहे का.

आणि समितीनं शिफारस काय केली? सगळा झेंडा केशरी, काठीच्या बाजूला वर चरखा. बस्स.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पेठेतलाच माणूस असल्यामुळं खुर्चीत सरळ होऊन बसलो, हे कबूल करतो. आज ही शिफारस दोन्हीकडून वापरली जाते. एक बाजू म्हणते, बघा, आझादांनीसुद्धा भगवा मान्य केला होता. दुसरी म्हणते, बघा, तेव्हापासूनच एका धर्माकडं कल होता. मला दोन्ही वाचनं घाईची वाटतात. समितीपुढं अडचण वाटणीची होती. तीनाचे चार, चाराचे पाच रंग करत बसण्यापेक्षा कुणाच्याही वाट्याचा नसलेला, सगळ्यांचा मिळून एकच रंग घ्यावा, असा तो उपाय होता. पण रंगाला आधीपासून चिकटलेला अर्थ समितीच्या ठरावानं पुसला जात नाही. एकच केशरी रंग घेतला तर तो एका परंपरेचा वाटेल, ही शंका राहिलीच, आणि ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला अखिल भारतीय काँग्रेस समितीनं शिफारस बाजूला ठेवली.

तिथं जे ठरलं ते जास्त चतुर होतं. तीन पट्टे ठेवले, लालाचा केशरी केला, क्रम बदलला, चरखा पांढऱ्या पट्ट्यावर आणला. आणि ठरावात स्पष्ट म्हटलं की या रंगांचा कुठल्याही धर्माशी संबंध नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती. शाळेत आपण पाठ केलं ते हेच. पुढं १९४७ मध्ये राधाकृष्णन यांनी संविधान सभेत आणखी वेगळा अर्थ सांगितला: केशरी वैराग्याचा, हिरवा मातीशी आणि झाडाझुडपांशी असलेल्या नात्याचा.

आता पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी "केशरी आपला, हिरवा त्यांचा" असं म्हणालं तर त्याला सांगा, भावा, तू १९२१ चा अर्थ सांगतोयस. तो १९३१ मध्ये रद्द झालाय.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं चरखा काढून अशोकचक्र घेतलं. गांधीजींना हे लागलं. नेहरूंनी दिलेलं एक कारण मात्र अगदी शिंप्यानं द्यावं असं होतं: चरखा एका बाजूनं नीट दिसतो, दुसऱ्या बाजूनं उलटा. चक्र दोन्हीकडून सारखंच. ह. वि. कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावं अशी दुरुस्ती आणली होती. चक्रात ते बसणार कसं, हे रचना बघितल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी ती मागं घेतली.

झेंडा आधी दिसला पाहिजे, ही गोष्ट वाद घालताना हमखास विसरली जाते. आपल्या नौदलाचं घ्या. त्यांच्या ध्वजावर १९५० नंतरही इंग्रजांचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस होता. २००१ मध्ये तो काढून निळं बोधचिन्ह घातलं. भावना योग्य, पण निळं चिन्ह समुद्रात आणि आकाशात मिसळून जायला लागलं, आणि २००४ मध्ये क्रॉस परत आला! तो गेला २ सप्टेंबर २०२२ ला. त्याच्या जागी आता निळा अष्टकोन आहे. त्याची सोनेरी चौकट शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. खाली ‘शं नो वरुणः’. (वरुणतीर्थाच्या पेठेला हे आवडायला हरकत नाही.)

चित्रावर वाद झाले, अर्थावर झाले. राहिलं कापड. चरखा चित्रातून गेला तरी १९४७ नंतर झेंडा खादीचाच असायचा, म्हणजे चरखा धाग्यात शिल्लक होता. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि पॉलिएस्टरचा, यंत्रावर बनवलेला झेंडाही चालू लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ होतं. एवढ्या घरांना पुरेल इतके झेंडे हातानं विणून होणार नाहीत, हे खरंच आहे. स्वस्त झेंड्यामुळं तो जास्त हातांत गेला, हेही खरं. पण माझ्या मते १९४७ नंतर तिरंग्यात झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि चक्रातल्या एका आरीला हात लावला असता तर जितका गदारोळ झाला असता, त्याच्या शंभराव्या हिश्श्याचाही झाला नाही.

आवाज उठला तो हुबळीत. तिथल्या बेंगेरीत राष्ट्रध्वज तयार करणारं खादी केंद्र आहे, आणि २०२२ मध्ये तिथल्या लोकांनी या बदलाविरुद्ध आंदोलन केलं. ध्वज समितीतल्या हर्डीकरांचं गाव तेच. आपल्याकडं नांदेडलाही असंच केंद्र आहे. तिथं झेंड्याचं कापड कसं विणलं जातं आणि कुठल्या कसोट्यांना उतरतं, ते पुढच्या लेखात.