सुरतेत अचानक मोठं वीजबिल आलं तर? पहिले १५ दिवस महत्त्वाचे, सावकाराकडे जाण्याआधी हे वाचा

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडची हजारो कुटुंबं राहतात. कोणी लूम्सवर, कोणी डाईंग मिलमध्ये, कोणी साडीच्या कामावर. महिन्याचा हिशोब आधीच काठोकाठ भरलेला असतो. अशा घरात नेहमी हजार-दीड हजाराचं येणारं वीजबिल एकदम पंधरा-वीस हजारांचं आलं की दोनच गोष्टी होतात. एक तर बिल देवघराच्या फोटोमागे खोचून ठेवलं जातं, नाहीतर लाइट कापतील या भीतीने शेकडा पाच-दहाने पैसे उचलून ते भरलं जातं.

दोन्ही रस्ते नुकसानीचे आहेत. पहिल्यात वीज जाते, दुसऱ्यात विजेचं देणं सावकाराचं देणं होऊन बसतं. या दोन्हींच्या मधला तिसरा रस्ता वीज कायदा, २००३ मध्ये दिलेला आहे. हा कायदा देशभर एकच असल्याने तो सुरतेत चालतो तसाच नवापूर, नंदुरबारलाही चालतो.

बिल फुगतं कशामुळे?

सुरत शहराच्या एका भागाला टोरंट पॉवर वीज देते, बाकी भागाला दक्षिण गुजरात वीज कंपनी, म्हणजे डीजीव्हीसीएल. महाराष्ट्रात महावितरणचं बिल दर महिन्याला येतं. सुरतेत घरगुती बिल साधारण दोन महिन्यांनी येतं. त्यामुळे गावाकडून नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिलं बिल दुप्पट वाटतं. पण हा फरक हजारभराचा. बिल दहापट होण्याची कारणं वेगळी असतात.

पहिलं कारण, रीडिंग न होणं. दिवाळीला कारखाने बंद पडले की कुटुंब गावी जातं, उन्हाळ्यात लग्नसराईला जातं. खोलीला कुलूप असलं की अंदाजे बिल निघतं आणि पुढे खरं रीडिंग झालं की राहिलेले सगळे युनिट एकदम अंगावर येतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच देशभर झालं. रीडिंग थांबलं आणि जूनमध्ये तीन-तीन महिन्यांची बिलं एकत्र आली. गुजरात सरकारने त्या वेळी महिन्याला २०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांना एकदाच १०० युनिट माफ केले. महाराष्ट्रात महावितरणने तीन हप्त्यांची आणि एकरकमी भरल्यास दोन टक्के सवलतीची सोय दिली होती.

दुसरं, मीटरचा दोष किंवा मीटरची अदलाबदल. एका जिन्याखाली दहा-पंधरा मीटर असले की शेजारच्या खोलीचा वापर आपल्या नावावर लागू शकतो.

तिसरं, आधीच्या भाडेकरूची किंवा घरमालकाची जुनी बाकी. चौथं, वापराचा प्रकार बदलला म्हणून झालेली आकारणी. आणि पाचवं, स्मार्ट मीटर. मे २०२४ मध्ये वडोदरा, सुरतेत स्मार्ट प्रीपेड मीटरविरोधात लोक रस्त्यावर आले. रिचार्ज लवकर संपतो, अशी त्यांची तक्रार होती. जुन्या मीटरची राहिलेली रक्कम रोज थोडी थोडी वळती होते, असं एक स्पष्टीकरण त्या वेळी कंपन्यांकडून आलं. लोकांची खात्री पटावी म्हणून जोडीला चेक मीटर बसवण्याचं जाहीर करावं लागलं.

पहिल्या दिवशी मीटरपाशी जा

पैशांची जुळवाजुळव नंतर. बिल हातात घेऊन आधी मीटरपाशी जायचं आणि चार गोष्टी बघायच्या.

१. बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवर कोरलेला नंबर एकच आहे का?

२. बिलावरचं चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त तर नाही ना? असेल तर चूक सरळ दिसते. तारखेसह फोटो काढून ठेवा.

३. घरातला मेन स्विच बंद करा. तरीही मीटर पुढे सरकत असेल तर मीटरमध्ये दोष आहे, वायरिंग कुठेतरी गळतंय किंवा कोणाची तरी वायर तुमच्या मीटरवर आहे.

४. बिलात या वेळचा वापर किती आणि मागची बाकी किती? गुजराती बिलात ‘वपराश’ म्हणजे वापर. बाकीचा आकडा मोठा असेल तर प्रश्न युनिटचा नाही, जुन्या देण्याचा आहे.

साठलेलं रीडिंग एकदम आलं असेल तर स्लॅब नीट तपासा. डीजीव्हीसीएलच्या अलीकडच्या वर्षांतल्या शहरी घरगुती दरपत्रकात महिन्याचे पहिले ५० युनिट ३ रुपये ५ पैसे, पुढचे ५० युनिट साडेतीन रुपये, त्यापुढचे १५० युनिट ४ रुपये १५ पैसे आणि २५० च्या वर ५ रुपये २० पैसे, असे दर आहेत. स्थिर आकार, इंधन आकार आणि वीज शुल्क वेगळं.

समजा महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराचे सहा महिन्यांचे ६०० युनिट एकदम लागले. ते दोनच महिन्यांचे धरले तर नुसता वीज आकार २,४२० रुपये होतो. सहा महिन्यांवर वाटले तर १,९६५. फरक ४५५ रुपयांचा. वापर जितका जास्त आणि रखडलेले महिने जितके जास्त, तितका हा फरक मोठा. महाराष्ट्रात १०० युनिटनंतर दर मोठी उडी घेतो, तिथे हा फरक आणखी टोचतो. म्हणून अर्जात स्पष्ट लिहायचं: ‘हे युनिट जितक्या महिन्यांचे आहेत तितक्या महिन्यांवर वाटून बिल द्यावे.’

कलम ५६ काय म्हणतं?

थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी कंपनीने किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी. तोंडी धमकी म्हणजे नोटीस नव्हे.

दुसरी बाब फार कमी लोकांना माहीत असते. बिल मान्य नसेल तर ग्राहक हरकत नोंदवून, म्हणजे ‘अंडर प्रोटेस्ट’, पैसे भरू शकतो. किती? मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम. या दोन्हींपैकी जी कमी असेल ती. एवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

समजा नेहमीचं दोन महिन्यांचं बिल १,४०० रुपये आहे आणि या वेळी दोन महिन्यांचं म्हणून १८,४०० आलं. तर सरासरीप्रमाणे १,४०० रुपये भरायचे आणि सोबत लेखी हरकत द्यायची. गुजरातीत हिला ‘वांधा अरजी’ म्हणतात. अर्जात ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, आजचं रीडिंग, मागच्या तीन बिलांचे आकडे आणि ‘कलम ५६ प्रमाणे सरासरी रक्कम हरकत राखून भरत आहे’ हे वाक्य हवं. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का घ्या. मोबाइल ॲपवर बहुधा पूर्ण रक्कमच दिसते, म्हणून हे काम सब-डिव्हिजन ऑफिसात जाऊनच करावं लागतं. दिवसाची हजेरी बुडते, पण शिक्क्याची प्रत हातात नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

याचा अर्थ बाकीचे १७,००० माफ झाले असा नाही. वाद निकाली निघेपर्यंत वीज राहते, एवढाच. तपासणीत बिल बरोबर ठरलं तर ते भरावंच लागतं.

मीटरवरच शंका असेल तर मीटर तपासणीची मागणी वेगळी लिहा. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम, २०२० प्रमाणे ही तपासणी ३० दिवसांत व्हायला हवी. २०२४ च्या दुरुस्तीनुसार वापरापेक्षा रीडिंग जास्त येतं अशी तक्रार आली तर कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळायचा आहे. याच नियमांत असंही आहे, की एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं काढता येत नाहीत.

बिल खरंच आपलं असेल तर

बऱ्याचदा तपासणीअंती बिल बरोबर निघतं. वापर झालेला असतो, फक्त वसुली रखडलेली असते. मग प्रश्न उरतो पैसे आणायचे कुठून.

इथे व्याजाचा हिशोब मांडून बघा. डीजीव्हीसीएलचा विलंब आकार वर्षाला १५ टक्के आहे. १८,००० रुपये थकले तर महिन्याला साधारण २२५ रुपये. तेच १८,००० शेकडा पाचने उचलले तर महिन्याला ९०० रुपये आणि शेकडा दहाने १,८०० रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. म्हणजे लाइट कापण्याची भीती हप्ते पाडून घेऊन दूर होत असेल, तर वीज कंपनीचं देणं हे बाजारातल्या सगळ्यात स्वस्त उधारीपैकी एक आहे. ते फेडायला सावकाराचं कर्ज काढणं म्हणजे चौपट-आठपट महाग व्याज पत्करणं.

हप्ते मागणं हा कायद्याने दिलेला पक्का हक्क नाही, ते अधिकाऱ्याच्या मंजुरीवर असतं. पण लेखी अर्ज, सोबत काही रक्कम भरण्याची तयारी आणि पगाराचा पुरावा असला तर विचार होतो. तीन हप्त्यांत जमणार नसेल तर तीनला हो म्हणू नका. हप्त्यासोबत चालू बिलही भरावं लागतं आणि एक हप्ता चुकला की सवलत रद्द होऊ शकते. १२,००० चे सहा हप्ते म्हणजे महिन्याला २,००० अधिक चालू बिल, एवढं आपल्या हजेरीत बसतं का, हे घरी बसून आधी ठरवा. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवस कारखाना बंद असतो, तो महिनाही धरा.

पुढचं बिल उतरवायचं तर आधी जड वस्तू बघा. पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड रोज अर्धा तास लावला तर महिन्याला साडेबावीस युनिट जातात. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १५ तास चालला तर जवळपास ३४ युनिट.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी

मीटर मालकाच्या नावावर आणि खोलीत सब-मीटर, ही सुरतेतली नेहमीची पद्धत. अशा वेळी भाडेकरूचा वाद कंपनीशी नसतो, मालकाशी असतो. म्हणून खोली घेतल्याच दिवशी मीटरचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, युनिटचा दर लिहून घ्या आणि दर वेळी मूळ बिल दाखवायला सांगा.

कायद्याच्या कलम ४३ नुसार वीजजोडणीचा अर्ज मालकाप्रमाणेच जागेत राहणारा माणूसही करू शकतो. मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्याने वीज अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. मात्र तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो.

घर विकत घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. आधीच्या मालकाची थकबाकी, नियमांत तरतूद असेल तर, नव्या मालकाकडून वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं. सौदा करताना घरपट्टीच्या पावतीबरोबर वीजबिलाची ‘बाकी नाही’ची पावतीही मागा.

जुनी बाकी अचानक निघाली तर

रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही, असं कलम ५६(२) सांगतं. पण कंपनीच्याच चुकीने कमी बिल गेलं असेल आणि ती चूक नंतर सापडली, तर वाढीव बिल काढता येतं. फक्त त्यासाठी वीज तोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सांगितलं.

नोटिशीवरचं कलम वाचा

नोटिशीवर कलम १२६ असेल तर ती साधी थकबाकी नाही. घरगुती जोडणीवर धंद्याचं मशीन चालवणं किंवा एका घराच्या मीटरवरून दुसऱ्या घरात वीज देणं यासाठी ती येते आणि आकारणी दुप्पट दराने होते. पहिल्या आदेशावर हरकत घेता येते. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं, पण निम्मी रक्कम आधी भरावी लागते. कलम १३५ म्हणजे वीजचोरी, तिथे वकील गाठा.

म्हणूनच लाइट कापल्यावर शेजाऱ्याकडून वायर ओढू नका. तुमचं देणं तसंच राहतं आणि शेजारीही १२६ मध्ये अडकतो.

तक्रार पुढे कुठे न्यायची?

सब-डिव्हिजनने दाद दिली नाही तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज करायचा. तक्रार निकाली काढायला कमाल ४५ दिवसांची मुदत आहे. मंचाचा निकाल पटला नाही तर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे स्वतः म्हणणं मांडता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

गावाकडच्या बंद घराचं काय?

सुरतेतल्या अनेकांचं गावी कुलूपबंद घर आहे आणि तिथलं महावितरणचं बिल वर्षानुवर्षं पडून आहे. जोडणी कायमची तोडलेली असली तरी बाकी कागदावर राहते. अशांसाठी महावितरणने सप्टेंबर २०२४ पासून अभय योजना आणली होती. मार्च २०२४ अखेरच्या बाकीवरचं व्याज आणि विलंब आकार माफ, ३० टक्के रक्कम आधी भरून उरलेली सहा बिनव्याजी हप्त्यांत, असं तिचं स्वरूप होतं. अशा योजना मुदतीपुरत्याच येतात. पुढच्या वेळी गावी गेलात की महावितरणच्या ऑफिसात ग्राहक क्रमांक देऊन बाकीचा आकडा आणि चालू योजना विचारून या. घर वापरात नसेल तर जोडणी बंद करण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्या.