मातीचे शीतकपाट

वैशाखातील एखादी दुपार डोळ्यांपुढे आणा. आठवड्याच्या बाजारातून आणलेली मेथी दुसऱ्याच दिवशी मान टाकते, टोमॅटो मऊ पडतात; कोपऱ्यातल्या माठातले पाणी मात्र गार ते गारच! हे आपण रोज पाहतो, म्हणूनच त्याचे नवल वाटत नाही. गुजरातेतील वांकानेर गावच्या मनसुखभाई प्रजापती या कुंभाराला मात्र त्यातून एक वस्तू सुचली. तिची ही हकिकत.

आधी माठाचे कोडे उलगडू या. माठाच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते आणि बाहेरच्या हवेत त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती माठातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. उन्हाळ्यात १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे चिमूटभर पाणी उडून जाते आणि बरेचसे पाणी गार करून ठेवते.

मनसुखभाईंचे शिक्षण जेमतेम दहावीपर्यंत. १९८८ साली कर्ज काढून त्यांनी यंत्रावर मातीचे तवे दाबून काढायला सुरुवात केली. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला. त्यात माठांचीही खापरे झाली. फुटक्या माठांचे छायाचित्र एका वर्तमानपत्राने छापले आणि त्याखाली, गरिबांचा फ्रिज मोडला, अशा अर्थाची ओळ घातली. मनसुखभाईंच्या मनात आले, माठाला गरिबांचा फ्रिज म्हणतात, तर मातीचा खराच फ्रिज का होऊ नये?

कल्पना एका क्षणात सुचली. वस्तू व्हायला मात्र वर्षे गेली. अडचण कुठे होती, पाहा. माती फार घट्ट झाली तर पाणी पाझरत नाही, म्हणजे गारवा नाही. फार सैल राहिली तर कपाट गळते. शिवाय माठ गोल. कपाटाला सपाट भिंती आणि दार हवे. सपाट भिंत भाजताना वाकते, तडकते. निरनिराळ्या मातीची मिश्रणे, निरनिराळे घाट करून पाहण्यात पदरचा पैसा गेला. अहमदाबादच्या ‘ग्यान’ संस्थेने पाठबळ दिले, आणि २००५ च्या सुमारास ‘मिट्टीकूल’ विक्रीला आले. वरच्या कप्प्यात पाणी, खाली भाजीपाला. वरचे पाणी भिंतींतून पाझरत उतरते, उडते आणि आतला कप्पा गार राहतो. वीज नको, यंत्र नको, गारवा आणणारा रासायनिक वायूही नको. फुटलेच तर खापरे मातीतच पडायची.

पण गुण सांगताना मर्यादाही सांगायला हवी. हवा कोरडी असेल तेवढाच हा गारवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे साधन चांगले चालेल. कोकणच्या दमट हवेत किंवा ऐन पावसाळ्यात त्याचा जोर ओसरेल. यात बर्फ होत नाही. भाजी-फळे काही दिवस ताजी राहतील. पण लशी आणि थंड जागीच ठेवायची औषधे यात ठेवू नयेत. त्यांना नेमके तापमान लागते. तिथे चूक झाली तर भाजी नव्हे, माणूस गमवायची वेळ येईल.

गुरुजी, वर्गात एक प्रयोग करा. दोन तापमापके घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, दुसरे कोरडे ठेवा आणि दोन्ही वाऱ्यावर टांगा. थोड्या वेळाने मुलांकडूनच आकडे वाचून घ्या. चैत्रात आणि श्रावणात, असा दोनदा करा. फरक का पडला, हे मुलेच तुम्हाला सांगतील.

शोध परदेशातल्या प्रयोगशाळेतच लागतो असे नाही; तो तुमच्या माठाच्या ओल्या अंगावरही असतो. तिथे थांबून ‘असे का?’ म्हणायला हवे, आणि दहा भांडी तडकली तरी अकरावे चाकावर चढवायला हवे.