घरखर्चाची वही आणि हंगामाची उधारी

शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून दोन-तीन वेळा येतो आणि रोज जातो. नोकरदारास दरमहा पगार मिळत असल्याने त्याची खर्चातील चूक महिनाभरात उघडी पडते. शेतकऱ्याची चूक ध्यानात येण्यास सबंध हंगाम जावा लागतो, आणि तोवर तिचा बोल पावसाला किंवा बाजारभावाला लावून आपण मोकळे झालेले असतो. म्हणून एकरी उतारा मोजण्याइतकेच आपल्या पैशाच्या सवयी मोजणेही अगत्याचे आहे.

यासाठी शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. मृगापासून दिवाळीपर्यंत प्रत्येक खर्चाची तारीख, रक्कम व कारण लिहावे, आणि चौथ्या रकान्यात ‘रोख’ की ‘उधार’ एवढेच नोंदवावे. हा चौथा रकाना चुकवू नये.

चहा, पान-तंबाखू यांवर रोज ३० रुपये गेले तर वर्षाचे १०,९५० रुपये होतात. उपदेश करणाऱ्यांस हा खर्च फार आवडतो. तो कमी करावा हे खरेच. परंतु पुष्कळ घरांतील मोठी गळती चौथ्या रकान्यात असते.

समजा, रोखीने १०,००० रुपयांस मिळणारे खत-बियाणे दुकानदाराने चार महिन्यांच्या उधारीवर ११,००० रुपयांस दिले. हजार रुपये जास्त गेले, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण चार महिन्यांस शेकडा १० म्हणजे वर्षास शेकडा ३० व्याज झाले. व्याज सवलतीचे पीककर्ज दर साल ७ टक्क्यांनी मिळते. १०,००० रुपयांचे चार महिन्यांचे व्याज सुमारे २३३ रुपये होते. मुदतीत फेड केल्यास आणखी ३ टक्के सवलत असल्याने ते १३३ रुपयांवर येते.

बोलण्यातील दरही असाच फसवतो. ‘शेकडा तीन’ असे सांगणारा महिन्याचा दर सांगत असतो. वर्षाचा तो ३६ होतो. बचत गटाचे दरमहा २ टक्केही वर्षाचे २४ होतात. मात्र ते व्याज गटातच, म्हणजे आपल्याच माणसांत राहते, हा फरक आहे.

उधारीचे याहून मोठे नुकसान वहीत दिसत नाही. ज्याची उधारी त्यालाच माल घालावा लागतो, आणि तोही सुगीच्या ऐन गर्दीत, पडत्या भावाने. अशा वेळी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करावी. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल गोदामात ठेवल्यास किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी दर साल ६ टक्के व्याजाने मिळते. पुढे भाव चढेलच असे नाही. पण विक्रीचा दिवस तरी आपण ठरवतो.

१९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्केच आढळला होता. त्या काळी सावकारावाचून दुसरा मार्ग क्वचितच होता. आज मार्ग आहे, पण खाते थकीत असणाऱ्यास तो बंद होतो. अशा शेतकऱ्याने नवी उधारी करण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवाकडून थकबाकीचा नेमका आकडा लिहून घ्यावा. अंदाजाने धरलेले कर्ज नेहमी कमी वाटते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मात्र चावडीवर चारचौघांत कोणासही कर्ज विचारू नये. कर्ज ही अब्रूची बाब आहे. विचारणाऱ्यास खोटा आकडा मिळतो आणि सांगणारा पुढच्या सभेला येत नाही. वहीचे रकाने आखून दाखवावेत व वही घरी न्यावी असे सांगावे. घरातील बाईस या कामात अवश्य घ्यावे. किराण्याची उधारी आणि दुधाच्या दर दहा दिवसांच्या बिलातून पेंडीपोटी कापलेली रक्कम तिच्या तोंडी असते.

दिवाळीनंतर चौथ्या रकान्यातील उधारीची बेरीज करावी. पीककर्जातून जे भागणार नाही तेवढे पैसे रब्बीचा माल विकताच, लग्नसराई सुरू होण्याआधी, वेगळ्या खात्यात टाकावेत. पीककर्जासाठी सातबारा व आठ-अ घेऊन एप्रिलमध्येच सोसायटीत किंवा बँकेत जावे. जूनमध्ये गर्दी होते, आणि पेरणी थांबत नसल्याने पाय पुन्हा दुकानाकडे वळतात.